आत्याच्या पाकिटाची कड

तीर्थस्वरूप आत्यास,

तुमच्या भाच्याचा नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना, बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. हल्ली कुणी पाळत नाही, पण मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे आणि दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो, तेव्हा माझ्या पहिल्याच शब्दात चूक नको.) पत्र कुणाचं हे बघायला तुम्ही आधी शेवटची सही शोधाल, म्हणून इथेच सांगून टाकतो: मी तुमच्या दादाचा मुलगा. तुम्ही आमच्याकडे शेवटच्या आलात तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि दाराआड उभा राहून तुमचं दोघांचं भांडण ऐकत होतो. आता पंचेचाळीस संपली. त्या वेळी मी तुम्हाला 'तू' म्हणत असे. मधे एकोणतीस वर्षं गेली आणि ती सगळी त्या एका अक्षरावर येऊन बसली, म्हणून 'तुम्ही' लिहितो आहे. आवडलं नाही तर रागवा, मी लगेच 'तू'वर येईन.

तुमची प्रकृती कशी आहे? गुडघे काय म्हणतात? दाढा? (दाढांची चौकशी उगाच केलेली नाही, कारण पुढे येईल.) आतोबा बरे असतीलच. त्यांच्याबद्दल आम्हाला अलीकडे थोडी माहिती मिळाली, ती प्रयोगशाळेतून मिळाली, आणि तिच्यामुळे आमच्या घरात तीन आठवडे कुणी धड जेवलं नाही. यात त्यांचा काडीचाही दोष नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो.

आता मुद्दा. (छापखान्यात मला 'परिच्छेद' म्हणतात. मी बोलायला लागलो की नवा परिच्छेद कधी सुरू होतो याची लोक वाट बघत बसतात.) बाबा सव्वीस वर्षांपूर्वी घाटात दरडीखाली गेले, हे तुमच्या कानावर आलं असेलच. आम्ही तुम्हाला कळवलं नाही. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि कळवणं हे मोठ्यांचं काम असतं अशा समजुतीत होतो. आणि घरात मोठी म्हणावी अशी एकटी आई उरली होती, ती खिडकीशी बसून होती. त्या दिवशी कामावर तिघं होते: रोलरवर बाबा, डांबराच्या पिंपाशी डांबरवाला आणि त्यांचा मुकादम. दुपारी डोंगराची बाजू सुटली आणि रस्त्यासकट तिघांना घेऊन खाली गेली. पंधरा दिवस खणलं, मग पुन्हा दरड आली, मग खणणं थांबलं. रस्ता पलीकडून वळवला. कागदावर तिघांच्या नावापुढे 'बेपत्ता' लागलं. आई तेव्हापासून प्रत्येक अर्जात तोच शब्द भरत आली आहे. 'मृत' असं लिहा, काम सोपं होईल, असं तिला अनेकांनी सांगितलं. ती म्हणायची, 'मी बघितलेलं नाही, मग लिहू कशी?'

गेल्या वर्षी जुना रस्ता पुन्हा उघडायचं ठरलं. खणताना यंत्राच्या दाताला लोखंड लागलं. माती काढली तर रोलरचं पुढचं चाक. मी आणि आई बघायला गेलो. गंजून त्याचे पापुद्रे सुटत होते, तरी आईने त्याच्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. मला आठवलं ते असं, की बाबा शाळेवरून रोलर घेऊन जायचे तेव्हा आम्ही मुलं पायी चालत त्यांना मागे टाकायचो आणि मी मान खाली घालायचो. कुणाचा बाप ट्रक चालवायचा, कुणाचा बस; माझा बाप अशा गाडीवर, की तिच्यापुढे म्हशीही घाई करत नसत. त्या चाकाशी उभं राहून मला त्या मान खाली घालण्याची फार लाज वाटली.

चाकापासून थोड्या अंतरावर दोघांच्या अस्थी सापडल्या. तिघांपैकी दोघांच्या. तिसरा अजून सापडलेला नाही. कपडे, वस्तू, काही उरलं नव्हतं. कोण कोणता हे ठरवायला सगळं प्रयोगशाळेत गेलं आणि आम्हाला बोलावणं आलं.

मी तिथे मोठ्या तोऱ्यात गेलो. एकुलता एक मुलगा, नाक थेट बाबांचं. आणखी काय पुरावा पाहिजे? तिथल्या मुख्य बाई म्हणजे पांढरा कोट, बारीक आवाज, आणि समोरचा कितीही फाफटपसारा लावो, त्या तीन शब्दांत उत्तर देणार. 'नात्याने कोण?' 'मुलगा.' 'मग उपयोग नाही.' माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी, कारण पुढे त्या चक्क दोन मिनिटं बोलल्या. म्हणाल्या, प्रत्येक पेशीत एक मोठा ग्रंथ असतो, त्यात आईचाही मजकूर असतो आणि बापाचाही. पण त्याची प्रत एकच. सव्वीस वर्षं ओल्या मातीत राहून या हाडांतला तो ग्रंथ पार विरघळला आहे. मात्र पेशीला शक्ती पुरवणारी बारीक केंद्रं असतात, मायटोकाँड्रिया म्हणतात, त्यांची स्वतःची एक छोटी पुस्तिका असते. तिच्या शेकडो प्रती असल्यामुळे एखादी वाचण्याजोगी हाती लागते. 'लागली आहे. पण ही पुस्तिका मुलांना फक्त आईकडून मिळते. बापाची बापापाशीच संपते.' मी म्हटलं, 'म्हणजे माझ्यात बाबांची...' 'एक ओळही नाही. तुमच्यात तुमच्या आईची आहे.' मग कुणाकडे असेल, तर बाबांच्या आईकडे, सख्ख्या भावंडांकडे, आणि सख्ख्या बहिणीच्या मुलांकडे.

आत्या, मी त्यांच्या कडेवर वाढलो. त्यांचे बूट मी पुसले. आणि माझा तो आतेभाऊ, ज्याला मी आयुष्यात दोनदा पाहिलं आणि त्यातल्या एका वेळी त्याने माझा चेंडू विहिरीत टाकला, त्याच्याकडे बाबांची पुस्तिका अक्षर न् अक्षर आहे! मी घरी येऊन आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, 'चांगलं आहे की. कुठेतरी आहे.'

मधे आमचे चुलतकाका उपटले. त्यांना सगळे वंशावळकाका म्हणतात. चौदा पिढ्यांची गुंडाळी त्यांच्या काखेत कायम असते. 'रक्ताचा माणूस मी आहे, माझा नमुना घ्या,' म्हणून ते माझ्यासोबत आले आणि प्रयोगशाळेच्या बोळात त्यांनी ती गुंडाळी जमिनीवर पसरली. ती जिन्यापर्यंत गेली. येणारेजाणारे भिंतीला चिकटून चालू लागले. बाई बाहेर आल्या, चष्मा सावरून वाकल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, 'यात एकही बाई नाही?' काका म्हणाले, 'ही वंशावळ आहे.' 'चौदा पिढ्या कुणाला झाल्या?' काकांनी विचार केला आणि म्हणाले, 'लिहायला जागा नव्हती.' बाई म्हणाल्या, 'मला जे हवं, ते नेमकं त्या न लिहिलेल्या जागेत आहे,' आणि आत गेल्या. गुंडाळी पुन्हा बांधायला आम्हाला अर्धा तास लागला.

आता कबुलीजबाब. फॉर्मवर रकाना होता: बहीण असल्यास नाव व पत्ता. मी तुमचं नाव लिहिलं आणि पत्त्यापुढे लिहिलं, 'ठावठिकाणा माहीत नाही.' खोटं लिहिलं; शोधला असता तर पत्ता मिळाला असता. तुम्हाला पत्र लिहायची हिंमत झाली नाही, एवढंच कारण. दाराआडून ऐकलेलं बाबांचं वाक्य मला पाठ होतं. आजी तुमच्या घरी वारली, बाबांना कळायला उशीर झाला, ते पोचले तेव्हा काहीच उरलं नव्हतं. आणि तुम्ही आजीच्या वस्तू घेऊन आमच्याकडे आलात तेव्हा ते म्हणाले, 'आजपासून तू माझी बहीण नाहीस.' अशा माणसाच्या हाडांसाठी तुमच्याकडे काही मागायचं तर कोणत्या तोंडाने मागायचं?

बाई म्हणाल्या, बहीण सापडत नसेल तर तिची एखादी वस्तू चालेल का बघू: कंगवा, जुनं पत्र, जिभेने ओलं करून बंद केलेलं पाकीट. पाकीट म्हटल्यावर आई माझ्या शेजारी एकदम ताठ बसली.

तुम्ही बाबांना पाठवलेलं पत्र, आत्या, दरडीनंतर नवव्या दिवशी आमच्या दारात आलं. नवव्या. हे तुम्हाला माहीत असणं शक्य नाही आणि या पत्रात दुसरं काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा. बाबांनी ते पाहिलं नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही याचा तुम्ही इतकी वर्षं काय अर्थ लावला असेल, तो खरा नाही. उत्तर द्यायला माणूस नव्हता.

आईने ते उघडलं नाही. पाकिटावर बाबांचं नाव होतं. 'यांचं पत्र हे आले की उघडतील,' असं म्हणून तिने ते कपाटात चादरींच्या खाली ठेवलं आणि दर वर्षी चादरी बदलल्या तरी पत्र तिथेच राहिलं. मी तिला म्हटलं, प्रयोगशाळेला फक्त चिकटवलेली कड हवी आहे. ती म्हणाली, 'कड काढणं म्हणजे उघडणंच की रे.' मला तेव्हा कळलं की ती पत्राबद्दल बोलत नाहीये. चार दिवस तिने तो विषय काढू दिला नाही. पाचव्या दिवशी भांडी घासताना माझ्याकडे न बघता म्हणाली, 'ने. पण आतलं वाचू नकोस. त्यांना आधी वाचू दे.'

कड गेली. आतला कागद बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत दिला आणि आईने तो तसाच चादरींखाली सरकवला.

या सगळ्या काळात आईला एक सोबतीण मिळाली होती. डांबरवाल्याची बायको. प्रयोगशाळेच्या बाकावर दोघी शेजारी बसायच्या. आम्ही तिला डांबरकाकू म्हणतो (तोंडावरही; तिची हरकत नाही). मुकादमाच्या बहिणीने नमुना दिला होता, तो एका सांगाड्याशी जुळला. म्हणजे दुसरा एकतर बाबांचा किंवा डांबरवाल्याचा. डांबरवाला अनाथाश्रमात वाढलेला; आई, भाऊ, बहीण, कुणाचाही पत्ता नाही. मूलबाळही नाही (असतं तरी माझ्यासारखंच निरुपयोगी ठरलं असतं). त्यामुळे डांबरकाकूचा निकालही तुमच्याच पाकिटावर अवलंबून होता. 'तुमची वन्सं आमच्या दोघींचं नशीब चाटून बसली आहे,' असं ती आईला म्हणाली आणि दोघी हसल्या. आईला हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

निकाल आला. बाईंनी दोन्ही नमुन्यांची अक्षरं माझ्यासमोर ठेवली. आत्या, ती लिपी चारच अक्षरांची आहे! ना काना, ना मात्रा, ना विराम. दोन प्रती शेजारी ठेवून फरक शोधणं हेच माझं वीस वर्षांचं काम, मी सवयीने पेन्सिल काढली आणि काही शे अक्षरांत नऊ फरक काढले. बाई म्हणाल्या, 'बरोबर. नऊ.' मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं आणि मग अर्थ डोक्यात शिरला. एकदोन फरक असते तर विचार करता आला असता. नऊ म्हणजे ही दोन माणसं एका आईची नाहीत.

म्हणजे एकतर ती हाडं बाबांची नव्हती, किंवा तुम्ही बाबांच्या बहीण नव्हतात. बाबा रागात बोलले होते ते वाक्य आता सही-शिक्क्यासह माझ्या हातात होतं. वंशावळकाका धावत आले, 'मला पहिल्यापासून शंका होती' म्हणाले आणि तुमचं नाव खोडायला त्यांनी गुंडाळी उघडली. बराच वेळ शोधल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्यात तुमचं नाव कधी नव्हतंच. डांबरकाकू एक इस्त्री केलेला शर्ट पिशवीत घालून आमच्याकडे आली. सव्वीस वर्षं जपलेला. 'माझा माणूस सापडला म्हणतात,' ती म्हणाली, 'पण तुमचा नाही सापडला. मी आनंद करू कसा?' आणि आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. आई शांत होती. आईने तिला पाणी दिलं, शर्टाची कॉलर नीट केली. आई खंबीर आहे.

मी मात्र तीन आठवडे डोकं खात होतो. शेवटी आईला म्हटलं, पत्र वाचू या. तुम्ही खरंच आजीच्या पोटच्या नसाल, तर त्या पत्रात काहीतरी असेल. आई कपाटाशी गेली आणि चादरींवर हात ठेवून उभी राहिली. मग कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, 'मोठ्याने वाच. त्यांनाही ऐकू जाऊ दे.'

तुमचं पत्र तुम्हाला सांगायला नको. 'आईच्या शेवटच्या दिवसांत तुला वेळेवर कळवलं नाही, ती चूक माझी. आईच म्हणत होती की दादाला कामावरून उठवू नका. तरी मी ऐकायला नको होतं,' असं तुम्ही लिहिलं होतं. तिथे मी कागद आईकडे दिला आणि पुढचं तिने वाचलं. शेवटची ओळ तिनेच वाचली: 'कालच अक्कलदाढ काढली, तोंड भरून कापूस आहे, तेव्हा पाकीट हेच बंद करून टाकतील.'

आई थांबली. 'हेच म्हणजे?' म्हणाली. 'आतोबा,' मी म्हटलं. नऊ फरक! ते आतोबांच्या मातोश्रींचे होते! त्या साध्वीला माहीतही नसेल की तिच्यामुळे आमच्या घराण्याची बहीण वजा झाली.

प्रयोगशाळेत जाऊन सांगितलं. बाईंनी उरलेल्या नमुन्यावर आणखी एक तपासणी केली आणि म्हणाल्या, 'पुरुषाचा आहे.' मग त्या मला पाकीट दाखवून इतक्या शांतपणे बोलल्या की ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. 'तुम्ही लिहिलंत, ठावठिकाणा माहीत नाही. मागे पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आहे. घर क्रमांकासकट. मी तेव्हाच पाहायला हवा होता, ती माझी चूक. पण मुद्रितशोधक तुम्ही आहात.' मी सव्वीस वर्षांत ते पाकीट उलटून पाहिलं नव्हतं.

डांबरकाकूला सांगायला मी स्वतः गेलो. ती ऐकून घेत होती आणि शर्टाची घडी घालत होती. म्हणाली, 'सांगितलंत ते बरं केलंत. दुसऱ्याच्या माणसाला माझा म्हणून नेलं असतं.' मग थोड्या वेळाने, 'म्हणजे पुन्हा बाकावर.' ती आणि आई, दोघींनी आता ठरवलं आहे: निकाल कुणाचाही लागो, निरोप द्यायला दोघी जायचं. दरडीखाली इतकी वर्षं तो कुणाच्या तरी शेजारी होता, आता एकटीने कुणी जायचं नाही.

तर आत्या, विनंती अशी. बाई म्हणतात, या तपासणीने एरवी 'असू शकतो' एवढंच सांगता येतं, पण इथे दोघांतून एकच निवडायचा आहे, तेव्हा तुमचा नमुना पुरेसा आहे. अडचण असेल तर आतेभाऊही चालेल. (चेंडूचं मी विसरलो आहे असं त्याला सांगा.) मी परवानगी न घेता तुमच्या पाकिटाची कड कापू दिली, तुम्ही सापडत नाही असं खोटं लिहिलं, आणि तीन आठवडे तुम्ही आमच्या कुणी नाही असं मानून बघितलं. ते मानणं मला जमलं नाही, एवढं माझ्या बाजूने लिहितो. तिन्हींबद्दल माफी मागतो.

आतोबांना नमस्कार. आतेभावाला आशीर्वाद लिहिणार होतो, पण तो माझ्याहून मोठा आहे, म्हणून त्यालाही नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. सोबत लहान डबी आहे. तिच्यात कापसाची काडी आहे. सकाळी चहाच्या आधी गालाच्या आतून अर्धा मिनिट फिरवायची, वाळू द्यायची, परत डबीत. डबी तुम्हीच बंद करा. आतोबांची मदत कृपा करून घेऊ नका.

ता. क. २. पाकीट मी पाण्याचं बोट लावून चिकटवणार होतो, पण मला कामावर जायचं आहे. आई चिकटवून पोस्टात टाकेल.

ता. क. ३. वन्सं, हे मी लिहिते आहे. पोराने डबी घातली होती, ती मी काढून घेतली. ती पोस्टाने पाठवायची गोष्ट नाही, तुम्ही इकडे या. तो लिहितो आई खंबीर आहे. त्याला माहीत नाही. पहिला निकाल 'नाही' आला तेव्हा मला बरं वाटलं होतं. तीन आठवडे मी दाराला आतून कडी घातली नाही, न जाणो हे येतील. आता हे असं कुणाला सांगू? तुमची काडी फिरली की बहुतेक 'हो' येईल, मला ते कळतं आहे. ते ऐकताना माझ्याबरोबर यांच्या घरचं कुणीतरी बसलेलं असू दे. गाडी कोणती ते कळवा, मी घ्यायला येते.